हॅमॉकवरचा टार्प: निवड, मापं आणि बांधणीचा क्रम

डोक्यावर टार्प (हॅमॉकवर, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगलेल्या झोळीवर, ताणायचं जलरोधक कापड) असूनही माणूस भिजतो, तेव्हा दोष बहुधा कापडाचा नसतो. पाणी तीन वाटांनी आत येतं. एक, दोन्ही टोकांच्या उघड्या तोंडांतून झड आत शिरते. दोन, बाजूंच्या कडा उंच राहिल्या की वारा पाऊस खालून आत ढकलतो. तीन, झाडावरून उतरणारं पाणी हॅमॉक झाडाला बांधणारा पट्टा धरून ओघळत येतं आणि थेट हॅमॉकच्या कापडात उतरतं. तिसऱ्या वाटेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, कारण ती टार्पखाली, अंधारात असते.

पुढे छपराचेच शब्द वापरले आहेत. दोन झाडांमधली मधली रेघ म्हणजे आढं, उतरत्या बाजू म्हणजे पाखी आणि खालची कड म्हणजे वळचण. टार्पला छप्पर मानून बांधलं की निम्म्या चुका आपोआप टळतात.

## १. टार्प घेण्याआधी हॅमॉक मोजा

हॅमॉकच्या पिशवीवर लिहिलेली लांबी कापडाची असते, टांगलेल्या हॅमॉकची नाही. दोन टोकांना चुण्या घालून गोळा केलेला हॅमॉक नीट झोळ देऊन टांगला, की टोकापासून टोकापर्यंतचं सरळ अंतर कापडाच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के भरतं. म्हणजे ३३५ सेंमीच्या हॅमॉकचं अंतर सुमारे २७८ सेंमी आणि ३०० सेंमीच्या हॅमॉकचं सुमारे २४९ सेंमी.

या अंतराच्या दोन्ही बाजूंना टार्पचं आढं किमान २०-२० सेंमी पुढे यायला हवं. ३० सेंमी असेल तर निर्धास्त. त्यामुळे ३३५ सेंमीच्या हॅमॉकला ३२० ते ३४० सेंमी आढ्याचा टार्प लागतो. नेमकी इथेच गफलत होते. कुणी हॅमॉकपेक्षा भलामोठा टार्प घेऊन ओझं वाढवतो, तर कुणी हॅमॉक टांगून न पाहता ३ मीटरचा टार्प घेतो. मग दोन्ही टोकांना जेमतेम वीतभरही कापड उरत नाही.

हॅमॉकला स्वतःची मधली दोरी नसेल तर हे अंतर दर वेळी बदलतं. झाडं लांब असली आणि पट्टे जास्त ताणले, की हॅमॉक लांबट होतो आणि टोकं टार्पबाहेर सरकतात. म्हणून हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये ८३ टक्क्यांच्या मापाची, न ताणणारी, भक्कम दोरी कायमची बांधून टाका. झोळ दर वेळी सारखा राहतो आणि टार्पचं मापही पक्कं होतं.

आता रुंदी. ३ मीटर रुंद टार्पची दोन्ही पाखी ४५ अंशांत उतरली, तर प्रत्येक पाखं दीड मीटरचं असल्यामुळे वळचण आढ्यापासून सुमारे १०६ सेंमी बाहेर आणि तेवढीच खाली येते. आढं १९० सेंमी उंचीवर असेल तर वळचण जमिनीपासून ८४ सेंमी वर राहते, आणि वाऱ्याला आत यायला तेवढी फट भरपूर झाली. आढं १५० सेंमीवर आणलं तर तीच वळचण ४४ सेंमीवर येते. म्हणजे टार्प अरुंद आहे अशी तक्रार पुष्कळदा टार्प उंच बांधल्याची असते. तरीही २४० सेंमीपेक्षा कमी रुंदी पावसाळी रात्रीसाठी घेऊ नका.

## २. आकार ठरवा

चौरस टार्प कर्णावर टांगला की चौकटचा आकार होतो. तो हलका, दोनच खुंट्यांवर उभा राहणारा, पण फसवा. ३ × ३ मीटरच्या टार्पचा कर्ण ४२४ सेंमी भरतो, त्यामुळे लांबी भरपूर वाटते. पण ३३५ सेंमीच्या हॅमॉकचं टोक मध्यापासून १३९ सेंमीवर असतं आणि त्या ठिकाणी आढ्याच्या प्रत्येक बाजूला फक्त ७३ सेंमी कापड उरतं. २५० सेंमीच्या चौरसात तर ३८ सेंमीच. थेट वरून पडणाऱ्या पावसात हे चालतं, वाऱ्यात नाही. शिवाय हॅमॉकमध्ये आपण तिरके झोपतो: डोकं एका बाजूला, पाय विरुद्ध बाजूला. तिरक्या कापाचा टार्प घेतलात तर त्याचे बाहेर आलेले कोपरे तुमच्या डोक्याच्या आणि पायांच्या बाजूला येतात का, हे आडवं होऊन तपासा. उलट बसले तर पाय हमखास भिजतात.

षट्कोनी टार्प बहुतेकांसाठी योग्य. आढ्याला दोन टोकं, वळचणीला चार कोपरे, चार खुंट्या. याच्या कडा सहसा आत वळलेल्या कमानीसारख्या कापलेल्या असतात. त्यामुळे थोडं कापड कमी होतं, पण ताण सगळीकडे सारखा पोचतो आणि कड वाऱ्यात फडफडत नाही.

आयताकृती टार्पमध्ये आसरा जास्त. टोकांकडचे कोपरे आत ओढून तोंडं बऱ्यापैकी बंद करता येतात. मात्र कडा सरळ असल्यानं त्या सैल पडतात, म्हणून कडेच्या मध्यावर जादा दोऱ्या आणि सहा ते आठ खुंट्या लागतात. टोकांना दारं शिवलेला टार्प थंडीसाठी आणि वादळी जागांसाठी.

## ३. कापड

सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन हलकं, चिवट आणि मुठीत मावणारं असतं. पण नायलॉन पाणी शोषतं आणि ओलं झालं की लांबतं. संध्याकाळी कडक ताणलेला टार्प मध्यरात्री लोंबायला लागतो तो याच कारणानं. सिलिकॉनचाच लेप दिलेलं पॉलिएस्टर ओलं झाल्यावर फारच कमी ताणतं. पहिला टार्प घेणाऱ्यानं बेलाशक हेच घ्यावं. डायनिमाचं (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचं) पत्र्यासारखं कापड ताणत नाही आणि पाणीही शोषत नाही, पण महाग असतं आणि घडी जाड होते.

पॉलियुरेथेनचा लेप स्वस्त असतो. ओलसर ठेवल्यास काही वर्षांनी तो चिकट होतो, वास मारतो आणि सोलून निघतो. जाड प्लास्टिकची ताडपत्री सरावासाठी ठीक, पण तिच्या धातूच्या कड्या वाऱ्यात उपटून येतात. तीच वापरायची असेल तर कडीत दोरी अडकवू नका. कोपऱ्यात गुळगुळीत खडा गुंडाळा आणि त्याच्या मानेभोवती दोरीचा फास आवळा.

लेपाच्या आकड्यांत जलरोधकता (किती उंच पाण्याचा दाब कापड झेलतं त्याचं माप) १५०० मिमी किंवा अधिक असली म्हणजे पुरे. त्यापेक्षा आढ्याची शिवण महत्त्वाची. ती कारखान्यात बंद केलेली नसेल तर स्वतः बंद करा. सिलिकॉनच्या कापडावर फक्त सिलिकॉनच चिकटतं, दुसरा कुठलाही डिंक किंवा टेप सोलून निघतो. मिनरल स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायच्या द्रावणात) पातळ केलेलं सिलिकॉन ब्रशने शिवणीच्या टाक्यांवर चढवा. हे काम मोकळ्या हवेत करा, दिवसभर सुकू द्या आणि वरून किंचित टाल्कम पावडर चोळा, म्हणजे घडीत चिकटणार नाही.

## ४. दोऱ्या आणि खुंट्यांची जुळवाजुळव

- आढ्यासाठी एक सलग दोरी, ९ ते १० मीटर, २ ते ३ मिमी जाड, न ताणणारी.
- प्रुसिकचे दोन फास (मोकळे असताना दोरीवर सरकतात, ताण आला की तिला पकडतात). प्रत्येकी सुमारे ५० सेंमी दोरी, मुख्य दोरीपेक्षा बारीक आणि मऊ.
- कोपऱ्यांसाठी चार दोऱ्या, प्रत्येकी अडीच मीटर. शक्यतो रात्री दिसतील अशा रंगाच्या.
- सहा खुंट्या: चार कामाच्या, दोन जादा. १५ ते २० सेंमी लांब.
- नायलॉनच्या टार्पसाठी ३ मिमी इलॅस्टिक दोरीचे चार तुकडे, प्रत्येकी ३० सेंमी.
- पाणी तोडण्यासाठी सुती किंवा लोकरी दोऱ्याचे चार तुकडे, वीतभर लांबीचे.

पॅराकॉर्ड (पॅराशूटची दोरी) आढ्याला वापरू नका. तीही नायलॉनचीच, ओली झाली की सैल पडते.

साधारण घट्ट जमिनीला वाय आकाराची खुंटी, दगडधोंड्यांच्या जमिनीला बारीक गजाची आणि वाळूत रुंद पात्याची. वाळू फारच मोकळी असेल तर खुंटी उभी ठोकू नका. तिच्या मध्याला दोरी बांधून आडवी पुरा आणि वर वाळू दाबा.

इशारा: हॅमॉक टार्पच्या दोरीला कधीही टांगू नका. पट्टा ३० अंशांत असतानाही प्रत्येक बाजूवर तुमच्या वजनाएवढा ताण येतो. पट्टा १५ अंशांपर्यंत सपाट झाला की तो जवळपास दुप्पट होतो.

## ५. जागा

दोन झाडांमध्ये ४ ते साडेचार मीटर अंतर हवं. टेप नसेल तर दोन्ही हात फैलावून वाव मोजा. एक वाव साधारण आपल्या उंचीएवढी भरते, म्हणून अडीच वावांचं अंतर बहुतेकांना चालतं. यापेक्षा कमी असेल तर टार्पची टोकं खोडाला घासतात आणि खोडावरून उतरणारं पाणी कापडावर घेतात.

खोड किमान १५ ते २० सेंमी जाड असावं. बारीक झाड तुमच्या वजनानं आत वाकतं आणि टार्पची दोरी ढिली पडते. मग टार्प का लोंबतोय ते कळत नाही.

आढं वाऱ्याला आडवं ठेवा, म्हणजे वारा पाख्यावर आदळेल, उघड्या तोंडात शिरणार नाही. त्यासाठी झाडांची जोडी बदलावी लागली तरी बदला. ही एक गोष्ट साधली की मध्यम टार्पही चांगला आसरा देतो.

तपासणी: मान वर करून दोन्ही झाडं आणि आसपासची झाडं नीट पाहा. वाळकी किंवा अडकून राहिलेली फांदी, मधमाश्यांचं पोळं दिसलं तर जागा सोडा. ओढ्याचं कोरडं पात्र, एकटं उंच झाड आणि डोंगराचा माथाही टाळा. टार्प विजेपासून वाचवत नाही.

## ६. आढं बांधा

पावसात टार्प आधी आणि हॅमॉक नंतर. कोरड्या हवेतही हाच क्रम हाताला लावून घ्या, म्हणजे पाऊस आल्यावर विचार करावा लागणार नाही.

पहिल्या झाडाभोवती दोरी डोक्याच्या किंचित वर, सुमारे १८० सेंमीवर फिरवा आणि बोलाइनने (न आवळणाऱ्या फासाच्या गाठीनं) बांधा. दुसऱ्या झाडाकडे जाताना दोरी जमिनीवर घासू देऊ नका. माती लागली की ती टार्पची शिवण झिजवते.

दुसऱ्या झाडापाशी ट्रकर्स हिच, म्हणजे दोरी कडक ताणून धरणारी गाठ. झाडापासून हातभर अलीकडे दोरीत एक सरकता फास करा. मोकळं टोक झाडामागून फिरवून त्या फासात ओवा आणि पुन्हा झाडाकडे ओढा. दोरी ताणली की जिथे ती फासातून वळते तिथे अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घट्ट दाबा. चिमूट न सोडता दुसऱ्या हातानं सुरगाठ मारा. चिमूट सुटली की सगळा ताण जातो आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. गाठ सुरगाठच हवी. निरगाठ मारलीत तर सकाळी ओल्या, गार बोटांनी ती सुटणार नाही.

आता प्रुसिक. छोटा फास मुख्य दोरीभोवती स्वतःच्याच आतून तीनदा फिरवा. वेढे एकमेकांवर न चढता शेजारी-शेजारी बसले पाहिजेत. एखादा वेढा दुसऱ्यावर चढला की गाठ ताणाखाली घसरते. त्यातूनही घसरत असेल तर चौथा वेढा द्या किंवा आणखी बारीक दोरी घ्या. गुळगुळीत डायनिमावर गुळगुळीत डायनिमाचा प्रुसिक टिकत नाही.

टार्पच्या दोन्ही टोकांच्या कड्या प्रुसिकला अडकवा. दोरी टार्पच्या वरून जाऊ द्या. दोरी खालून नेली तर अस्तर नसलेल्या साध्या ताडपत्रीला आधार मिळतो, पण दोरीवरून येणारं पाणी टार्पच्या आत चालत येतं. प्रुसिक बाहेरच्या बाजूला सरकवून आढं ताणा.

तपासणी: आढ्याच्या मध्यावर तळहातानं दाबा. दोन-तीन बोटं खाली जाऊन परत वर आलं पाहिजे. हात खोल गेला तर ताण कमी आहे.

## ७. हॅमॉक टांगा आणि मग आढ्याची उंची पक्की करा

पट्टे टार्पच्या दोरीखाली, झाडावर साधारण १६० ते १७५ सेंमी उंचीवर लावा आणि ३० अंशांचा उतार धरा. हाताची पिस्तूल करा: तर्जनी आडवी, अंगठा उभा. तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंतची तिरकी रेघ म्हणजे जवळपास ३० अंश. पट्टा त्या रेघेला समांतर दिसला पाहिजे. बसल्यावर हॅमॉकची बैठक जमिनीपासून सुमारे ४५ सेंमी, खुर्चीएवढी असावी.

हॅमॉक टार्पखाली नेमका मध्यावर आणा. दोन्ही टोकांपुढे कापड सारखं उरलंय का ते वितेनं मोजा. कमी-जास्त असेल तर पट्ट्यांना हात न लावता दोन्ही प्रुसिक एकाच दिशेला सरकवा. सलग दोरीचा खरा फायदा हाच.

आता उंची. रिकामा हॅमॉक टांगलेला असताना टार्पचं आढं हॅमॉकच्या मधल्या दोरीपासून १५ ते २० सेंमी वर असलं की पुरे. तुम्ही बसलात की हॅमॉक आणखी खाली जातो आणि मोकळी जागा वाढते. टार्प उंच बांधण्याची हौस सर्वांत महाग पडते. वर उठून बसायला जागा हवी म्हणून आढं चढवलं जातं, पण वळचणही तेवढीच वर जाते आणि झड आत येते.

तपासणी: हॅमॉकमध्ये पूर्ण वजन टाकून मिनिटभर झोपा, उठा आणि आढं पुन्हा दाबून पाहा. सैल झालं असेल तर झाडं वाकली किंवा गाठी बसल्या. ट्रकर्स हिच सोडून पुन्हा आवळा. हे केल्याशिवाय कोपऱ्यांकडे वळू नका.

## ८. पाखी ताणा

वारा असेल तर वाऱ्याकडचे दोन्ही कोपरे आधी, मगच पलीकडचे. उलट केलंत तर मोकळं पाखं शिडासारखं फुगतं आणि खुंट्या उपटतात. वारा नसेल तर एक कोपरा आणि मग त्याच्या समोरचा तिरका कोपरा, म्हणजे आढं एका बाजूला ओढलं जात नाही.

दोरी कोणत्या दिशेला ओढायची, इथे चूक सर्रास होते. दोरी वळचणीला काटकोनात सरळ बाहेर नेली तर वळचण ढिली पडून फडफडते. वळचणीच्या रेषेतच नेली तर टार्पच्या टोकाची कड ढिली पडते. कोपऱ्याचा कोन जिथे निम्मा होतो, त्या दिशेला ओढा. कोपऱ्यापासून आढ्याच्या मध्याकडे जाणारी एक सुरकुती दिसत असेल तर दिशा चुकली आहे. खुंटी वीतभर बाजूला घेऊन पाहा, सुरकुती नाहीशी होते.

खुंटीचं डोकं टार्पपासून दूर झुकलेलं ठेवा आणि ती पूर्ण आत ठोका. दोरी डोक्याला नाही, जमिनीलगत अडकवा. वर अडकवलेली दोरी खुंटीला पहारीसारखी उचकटते. जमीन खडकाळ असेल तर दोरी एका मध्यम दगडाला बांधा आणि त्याच्या पुढे, टार्पच्या बाजूला, मोठा धोंडा ठेवा. छोट्या दगडाला मोठा अडवून धरतो.

ताण कमी-जास्त करण्यासाठी टॉट-लाइन गाठ: फासाच्या आत दोन वेढे, बाहेर एक. दोरी गुळगुळीत असेल तर आत आणखी एक.

नायलॉनच्या टार्पला इलॅस्टिक जोडताना ती दोरीच्या जागी नाही, दोरीच्या जोडीला लावा. दोरीच्या ३५-४० सेंमी भागाच्या दोन टोकांना इलॅस्टिक बांधा, म्हणजे तेवढ्या भागात दोरी थोडी ढिली राहील. कापड लांबलं की इलॅस्टिक आखडून ताण धरते. जोराच्या झोतात मात्र दोरी पूर्ण ताणली जाऊन भार स्वतःवर घेते.

## ९. पाणी तोडा

हॅमॉकच्या प्रत्येक पट्ट्यावर, टार्पच्या छायेत पण हॅमॉकच्या कापडाच्या अलीकडे, दोऱ्याचा तुकडा बांधा आणि टोक १० सेंमी खाली लोंबू द्या. पट्ट्याच्या खालच्या अंगानं येणारं पाणी त्या टोकावरून ठिबकतं, पुढे जात नाही. दोरा टार्पच्या बाहेर बांधलात तर त्याच्या पुढच्या पट्ट्यावर पाऊस पडतोच आणि सगळी मेहनत वाया जाते. टार्पच्या दोरीवरही प्रुसिकच्या बाहेर, दोन्ही टोकांना एकेक दोरा लावा.

तपासणी: झाडाजवळ पट्ट्यावर बाटलीतून हळूहळू पाणी ओता आणि खाली वाकून पट्ट्याची खालची कड पाहा. थेंब सरकत येतात, दोऱ्यापाशी थांबतात, फुगतात आणि टोकावरून गळतात. एखादा थेंब दोरा ओलांडून पुढे गेला तर गाठ सैल आहे. ती पट्ट्याभोवती आवळून बांधा.

## १०. हवा बदलली तर

पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं एकदा उठून चारही दोऱ्या आवळा. झोपायच्या आधी आवळलेल्या दोऱ्या पुरेशा नसतात, कारण तेव्हा कापड कोरडं होतं.

वारा वाढला तर वाऱ्याकडचं पाखं जमिनीलगत उतरवा, आढं वीतभर खाली घ्या आणि आयताकृती टार्प असेल तर टोकांकडचे कोपरे आत वळवून एकमेकांकडे ओढा. दोन्ही तोंडं आणि दोन्ही वळचणी गच्च बंद करू नका. श्वासाची वाफ कापडाच्या आतल्या बाजूला जमते आणि ते थेंब गळतीसारखे वाटतात. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला वळचणीखाली वीतभर फट ठेवा.

पाऊस थांबला, की एक पाखं दोन ट्रेकिंग पोलवर, साधारण ११० ते १२० सेंमी उंचीवर उचलता येतं. दोरी पोलच्या टोकाला एक वेढा देऊन खाली खुंटीला न्या. एक कोपरा दुसऱ्यापेक्षा थोडा खाली ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही, त्याच कोपऱ्यातून पागोळी धरेल.

इशारा: टार्पखाली शेकोटी किंवा स्टोव्ह पेटवू नका. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळतात, आणि एक ठिणगीही भोक पाडते.

## ११. उतरवणं आणि वाळवणं

सकाळी पाऊस चालू असेल तर सगळं सामान टार्पखाली भरून घ्या. सॅक बंद झाली की वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या खुंट्या, मग वाऱ्याकडच्या, सर्वांत शेवटी आढं. टार्प झटका आणि सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. स्लीपिंग बॅगशेजारी कोंबू नका.

परतल्यावर त्याच दिवशी सावलीत पसरा. कड्यांच्या आतल्या दुमडलेल्या पट्ट्या आणि कोपऱ्यांचे जाड थर शेवटी वाळतात, बुरशीही तिथूनच धरते. म्हणून बोटांनी चाचपून पाहा. कोरडा टार्प दर वेळी त्याच घड्यांवर न घालता पिशवीत सैल कोंबा. दोऱ्या भरण्याआधी प्रत्येक प्रुसिक हातात घेऊन पाहा. झिजून केसाळ झालेला फास तिथेच कापून नवा बांधून ठेवा.